अक्काच्या वयावर

एम.ए.ला मी मानवी विकास हा विषय घेतला, त्यामागे मोठं असं काही कारण नव्हतं. बारावीनंतर प्रत्येकीने काहीतरी घेतलं तसं मी मानसशास्त्र घेतलं, आणि मानसशास्त्रात शेवटी हे उरलं. जन्मापासून मरेपर्यंत माणूस कसा बदलत जातो याचा अभ्यास. आमच्या पुस्तकात आयुष्याचा एक तक्ता होता. आठ घरं, आणि प्रत्येक घरात त्या त्या वयाचा एक पेच. तान्ह्या मुलाचा पेच विश्वासाचा. म्हाताऱ्या माणसाचा पेच असा की, जगलो ते ठीक जगलो का. विशी-तिशीच्या घरात लिहिलं होतं : जवळीक, नाहीतर एकटेपण.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याचं वसतिगृह सोडून धाराशिवला घरी परत आले होते आणि दिवसातून फार तर दहा-बारा वाक्यं बोलत होते. तक्त्यातलं माझं घर मला दिसलं. परीक्षेसाठी ते पाठ केलं. काही वाटलं नाही. त्या वर्षी मला बहुतेक गोष्टींचं काही वाटत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, एवढंच.

दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. माणूस कसा बदलतो हे शोधायचे दोन मुख्य मार्ग आम्हाला शिकवले होते. एक, त्याच माणसांना वर्षानुवर्षं पाहत राहायचं. दुसरा, वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच वेळी पाहायची आणि वयाप्रमाणे फरक काय पडतो ते मांडायचं. पहिला मार्ग जास्त खरा. पण मला सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा होता, म्हणून दुसरा घेतला. तीस बायका, काही विशी-तिशीतल्या, काही मधल्या, काही साठीच्या पुढच्या. स्वतःच्या आयुष्याकडे त्या कशा बघतात, हा विषय. मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम शांत आणि कामाला चोख होत्या. त्यांनी मुलाखतीचा एक नियम सांगितला होता, तो मला फार आवडला : समोरची बोलत असताना आपण मत द्यायचं नाही, हो-नाही करायचं नाही, फक्त मान डोलवायची आणि ऐकायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वभावाला कुणीतरी पद्धत म्हणत होतं.

आईला याचं नवल वाटायचं.

"तू बोलतेस का तिथं काही, का नुसती बसतेस?"

"बसते."

"मग त्या बायका काय भिंतीशी बोलतात?"

बेंबळीच्या पुढे फाट्यावर उतरून थोडं चाललं की एक गाव लागतं. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका वडिलांच्या ओळखीच्या निघाल्या, म्हणून मी त्या गावात गेले. सेविकेला सगळे ताई म्हणत, मीही म्हणायला लागले. चाळिशीच्या, सतत मोबाईलमध्ये माहिती भरत असलेल्या. त्यांच्या हाताखाली मदतनीस होत्या, त्या मावशी. मुलांना घरून आणायचं, खोली झाडायची, खिचडी करायची, शी-शू बघायची, हे त्यांचं काम. उंच, हाडं मोठी, केस अजून बरेच काळे.

मी पहिल्यांदा गेले तो वजनाचा दिवस होता. जानेवारी महिना. बाया पोरं घेऊन ओळीने बसल्या होत्या. ताई मोबाईलवर नाव काढून वय वाचायच्या, मावशी मूल काट्यात ठेवायच्या. एका मुलीचं वय ताईंनी सहा महिने वाचलं. मावशींनी तिला बगलेत धरून उभं केलं, टाळूवरून अंगठा फिरवला, खालचा ओठ जरा ओढून पाहिला.

"सहा न्हाय. आठवा सरत आलाय."

"मोबाईलमध्ये जुलै आहे, मावशी."

"मोबाईलला दात दिसत्यात व्हय?" मग त्या पोरीच्या आईकडे वळल्या. "कवा झाली गं ही?"

"आखितीच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "नोंद घरच्यांनी निवांत केली, तवा जुलैची पडली."

बायका हसल्या. ताई म्हणाल्या, "मावशी, एकदा तुमचा अंगठाच जोडते मशीनला."

सहा महिन्यांच्या मुलीला जे वजन पुरेसं होतं ते आठ महिन्यांच्या मुलीला कमी पडत होतं. वाढीच्या तक्त्यावर ठिपका खालच्या पट्ट्यात गेला. मी वहीत हे लिहून घेतलं. वर्गात शिकले होते त्याच गोष्टी मावशी हाताने करत होत्या, आणि विचारलं असतं तर त्याला अभ्यास म्हणतात हे त्यांना पटलं नसतं.

मुलं गेल्यावर दुपारी मी त्यांच्याशी बोलायला बसले. आधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं. ते मीच इंग्रजीतून मराठीत केलं होतं, आणि वाचताना माझं मलाच ते वीजबिलामागच्या सूचनांसारखं वाटत होतं. त्याच्या दोन प्रती असतात. एक आपल्याकडे राहते, दुसरी सही-शिक्क्यानिशी त्या व्यक्तीला द्यायची. नाव लिहिलं. मग मी विचारलं, "वय?"

"कुठलं सांगू? दाखल्यावरचं का खरं?"

हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. मी म्हणाले, "खरं."

मावशींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मांडी घालून बसल्या होत्या, त्या पुढे सरकल्या.

"दाखल्यावर चौसष्ट. येत्या एक जूनला पासष्ट, म्हंजी मेअखेर म्या घरी. आन् खरं धरलं तर म्या साठाची हाय फार तर. अजून चार-पाच वर्षं हायत माझी."

मग त्यांनी दाखल्याची गोष्ट सांगितली. त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी एक बहीण. ती अक्का. अक्काला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तिचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेला. बोटं कानाला लागली म्हणजे मूल सहा वर्षांचं झालं. लागली. मास्तरांनी सहा वर्षं मागं मोजून एक जून तारीख टाकली, सगळ्यांना टाकत तशीच. पण अक्का शाळेत जेमतेम गेली. घरी तान्हा भाऊ आला, त्याला सांभाळायला तिला काढून घेतलं. नाव मात्र पटावर तसंच राहिलं. काही वर्षांनी धाकटी जायला लागली, तेव्हा मास्तर म्हणाले, नवं नाव कशाला घालायचं, हिच्याच नावावर बस. पटावरची पोरगी हजर दिसणं त्यांना महत्त्वाचं होतं. धाकटी अक्काच्या नावावर बसली, अक्काच्या नावावर चौथी पास झाली. अंगणवाडीत लागताना वयाचा पुरावा मागितला, तेव्हा घरात तो एकच कागद होता.

"माझाबी हात कानाला लागला व्हता," मावशी म्हणाल्या. "पर लिवलं न्हाय कुणी."

"आणि अक्का?"

"सोनारीला दिलेली. हाय की. गुडघं गेल्यात. तिच्याकडं कागदच न्हाय कुठला. ती म्हणती, माझं वय तू खाल्लंस, आता माझं म्हातारपणबी तूच काढ."

त्या हसल्या. मग हसू थांबवून सांगितलं की त्यांनी वरच्या मॅडमना, म्हणजे पर्यवेक्षिकेला, हे सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, मार्चअखेर अर्ज द्या, सोबत पुरावा जोडा. सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला, तहसीलमध्ये बहिणीचं प्रतिज्ञापत्र. मग बघू.

मी मान डोलवली.

"घरी काय हाय?" मावशी म्हणाल्या. "सून हाय, टीव्ही हाय. सून वंगाळ न्हाय, तसं म्हणत न्हाय म्या. पर तिथं म्या नुसती सासू. इथं कुठलं लेकरू कवा बोललं, कुणाची टाळू भरली, कोण जेवंना, समदं माझ्या ध्येनात असतंय."

मुलाखतीसाठी माझ्याकडे एक लांबलचक कागद होता. ज्यांना साल-तारीख सांगता येत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. आडव्या रेघेवर सगळ्यांना आठवतील अशा घटना टाकायच्या, बाहत्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, आणि त्यांच्या आगेमागे त्या व्यक्तीच्या आयुष्यातल्या गोष्टी बसवत जायच्या. मला मराठी आकडे पटकन कळत नाहीत, एकोणसाठ म्हटलं की मी मनात साठातून एक वजा करते, त्यामुळे मला ही पद्धत सोयीची वाटायची. मी दुष्काळापासून सुरुवात केली. दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?

"रस्त्याच्या कामावर आय खडी फोडायची. म्या पाण्याची कळशी द्यायची. दुपारला सुकडी वाटायची, गोड पीठ असायचं ते. ते खाता खाता माझा दात पडला."

"कोणता दात?"

त्यांनी वरच्या पुढच्या दाताच्या शेजारच्या दातावर बोट ठेवलं.

"ह्यो. लई हुडकला म्या त्या खडीत. घरी छपरावर टाकायचा असतोय ना. घावलाच न्हाय. आय म्हणली, गिळलास आसंल सुकडीसंगं, आता पोटात उगवंल."

घरी येऊन मी पुस्तक काढलं. दुधाचे दात कोणत्या वयात पडतात याचा तक्ता त्यात होता. तो दात सात-आठ वर्षांच्या सुमारास पडतो. दाखल्याप्रमाणे मावशी दुष्काळात बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्या वयात तो दात पडत नाही. मी दोनदा हिशेब केला. भावाचा जन्म, शाळेत बसल्याचं साल, न्हाण आल्याचं साल, लग्न, सगळं त्याच बाजूला झुकत होतं. वय साठच्या आसपास येत होतं. मी पेनाचं टोपण लावलं आणि जेवायला गेले. आईने विचारलं, "आज खुश दिसतेस?" मी नाही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी संमतीपत्राच्या दोन्ही प्रतींवर वयासमोर साठ लिहिलं आणि खाली दोन ओळींत ते कसं काढलं हेही लिहिलं. मॅडमची सही आधीच होती, विभागाचा शिक्काही होता. एक प्रत मावशींना दिली. त्यांनी हात पदराला पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला.

"ह्याच्यावर कॉलेजाचा शिक्का हाय."

"हो."

"आन् ही सही तुझी."

तोपर्यंत मी त्यांच्यासाठी मॅडम उरले नव्हते, पोरगी झाले होते. "हो," मी म्हणाले. "खाली आमच्या मॅडमची."

"मग झालं की. आता दवाखान्यात कशाला रांगंला उभं ऱ्हायचं? आन् अक्काला एवढ्या लांबनं उचलून आणायची, तिला जिना चढता येईना. म्या ह्योच जोडते."

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. त्या कागदाला प्रबंधाबाहेर काही किंमत नव्हती. तो कुणी पुरावा म्हणून धरणार नव्हतं. माझ्या मनात ते वाक्य तयारसुद्धा झालं, इंग्रजीत, व्यवस्थित, सभ्य. मराठीत आणायला गेले तर ते उद्धट वाटायला लागलं. मावशींनी कागदाची घडी घातली, ती एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवी पोषण आहाराच्या डब्यांमागे ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलवली.

बस यायला वीस मिनिटं होती. फाट्यावर एक माणूस हरभऱ्याचे डहाळे विकत होता, मी घेतले आणि सोलून खात उभी राहिले. मागे फिरून सांगून यायला तेवढा वेळ पुरला असता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रोज फोन करावासा वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोनदा वाटला. एकदा कपडे वाळत घालताना, आणि एकदा बेंबळीची बस समोरून गेली तेव्हा. ताईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी बाकीच्या बायकांच्या मुलाखती संपवल्या. काही जणी रडल्या, एकीने मला स्वतःच्या पुतण्यासाठी विचारलं, एकीने दोन तासांत फक्त सासूबद्दल सांगितलं. मी मान डोलवत राहिले. रात्री बायकांचे आवाज ऐकत त्यांचं बोलणं उतरवून काढायची. दुसऱ्यांचं बोलणं लिहिताना दिवस बरे जायचे.

एप्रिलमध्ये ताईंचाच फोन आला. दुसऱ्या कामाचा. बोलता बोलता म्हणाल्या, "मावशींचा अर्ज परत आला की."

"का?"

"का म्हणजे? पुरावाच नाही. साहेबांनी तो तुमचा कागद उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, ही तर परीक्षेची कागदं, ह्याच्यावर वय कसं ठरवायचं? मी मावशींना म्हणलं होतं, दवाखान्याचा दाखला काढा, मी येते संगं. त्या कशाला ऐकत्यात. म्हणाल्या, पोरीनं दिलंय की लिहून. म्हणलं, तिला एकदा विचारू का? तर म्हणाल्या, तिला काय इचारायचं, तिच्यासमोरच ठरलंय."

मी विचारलं, "आता पुन्हा देता येतो का अर्ज?"

"तारीख गेली आता."

"दवाखान्याचा असता तर झालं असतं?"

"काय सांगता येतंय? कुणाचं झालंय, कुणाचं नाही झालं. पण दिला तरी असता."

फोन ठेवला तेव्हा हात थंड आहेत का ते मी तपासून पाहिलं. पुस्तकात असं लिहिलेलं असतं, अपराधी वाटताना शरीरात काय काय होतं. माझे हात नेहमीसारखेच होते. मी पाणी प्यायले. भांडं जागेवर ठेवलं.

त्याच महिन्यात मॅडमनी माझा तक्ता तपासला. प्रत्येक बाईची एक ओळ, पहिल्या रकान्यात वय. त्यांचं पेन मावशींच्या ओळीवर थांबलं.

"हे साठ कुठून आणलंत? बाकी सगळ्यांचं आधारवरून दिसतंय."

मी सांगितलं. दुष्काळ, दात, अक्का. इतकं सलग मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत.

"छान आहे हो हे. पण एकीचं वय दातावरून आणि एकोणतीस जणींचं कागदावरून, असं नाही चालणार. त्यांचे पण दात बघितलेत का तुम्ही? सगळ्यांना एकच माप लावायचं. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल."

त्यांचं बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मी त्यांच्यासमोरच साठ खोडून चौसष्ट केलं. खाली टीप द्यावी का, असं विचारता आलं असतं. त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या.

मेअखेर ताईंनी मावशींचा निरोप समारंभ केला. मलाही बोलावलं होतं. मी आईला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेले नाही. दुपारभर पंख्याखाली पडून होते. नंतर ताईंनी मोबाईलवर फोटो पाठवला : मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात हार, मांडीवर नारळ आणि साडीचा खोका, दोन्ही हात खोक्यावर.

प्रबंध देण्याआधी प्रत्येकीला तिच्याबद्दल लिहिलेलं वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. मॅडम त्याबाबत कडक होत्या. बाकीच्यांचं उरकल्यावर जूनच्या मध्यात मी त्या गावात गेले. मावशींच्या घरी जायचं म्हणून पत्ता विचारायला अंगणवाडीत शिरले, तर मावशी तिथंच. चुलीपाशी, खिचडीच्या पातेल्यात उलथनं घालून.

"आलीस व्हय? बस." त्यांनी पायाने पाट सरकवला. "नवी मदतनीस अजून भरली न्हाय. ती येईस्तवर या म्हणल्यात ताई."

"हजेरीला सही करता?"

"सही कशाची? म्या तर घरी बसलेली हाय की." आणि पोरांकडे बघून ओरडल्या, "ए, ताट वाजवू नगंस. अजून शिजायचंय."

ताई बैठकीला गेल्या होत्या. मी कागद काढले. दोन पानं होती. वाचायला लागले. खडी, कळशी, सुकडी, लग्न, दोन मुलं, भूकंपाच्या पहाटे पोरं अंगणात आणून टाकली ते, अंगणवाडी. मावशी ढवळत ऐकत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "कळशी पितळंची न्हवती, पत्र्याची व्हती." मी दुरुस्त केलं. शेवटपर्यंत वाचलं.

"आन् वय?"

ते पहिल्याच ओळीत होतं. मी ती ओळ सोडून वाचायला सुरुवात केली होती.

"चौसष्ट," मी म्हणाले.

उलथनं थांबलं.

"तूच लिवलं व्हतंस साठ."

"मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचं एकाच मापानं घ्यायचं. कागदावरचं."

"आन् तू काय म्हणलीस?"

"काही नाही."

"व्हय. तू कुठं काय म्हणतीस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पोराचं वजन सांगावं तसं सांगितलं.

मी कागदांच्या कडा जुळवल्या. मग माझ्या तोंडून ते निघालं. आधी ठरवलेलं नव्हतं. "मावशी, तो कागद चालणार नव्हता. अर्जाला. मला माहीत होतं."

"कवा?"

"तेव्हाच. तुम्हाला दिला तेव्हाच."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं, पाणी शिंपडून विझवलं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं की नाही, मला ठरवता येत नाही.

"पोराला गाडी सांगितली व्हती म्या," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचा दिवसबी ठरला व्हता. अक्का म्हणली व्हती, मला उचलून न्या पर न्याच, आंगठा लावते. तिला म्याच फोन केला. म्हणलं, ऱ्हाऊ दे अक्का, तुझं गुडघं दुखत्याल, इथं एक पोरगी हाय."

मी पाटावर जरा मागे सरकले.

"मग ही चौसष्टाची बाई कोण?" त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे हनुवटीने दाखवलं. "म्या न्हवं. ती अक्का. अक्काचं आसंल तर अक्काला जाऊन इचार. तिनं नगं म्हणलं तर तुझं तू बघ. मला काढ त्यातनं."

"सगळं?"

"समदं. दातबी."

एक छोटी मुलगी रिकामं ताट घेऊन येऊन उभी राहिली. मावशींनी झाकण काढलं, तिच्या ताटात खिचडी घातली, फुंकर मारली, "भुईवर बसून खा" म्हणाल्या. मग एकेक करत सगळी पोरं आली. सगळ्यांना वाढून झाल्यावर एक ताट माझ्यापुढे ठेवलं.

"खाऊन जा. गाडी दोनला हाय."

मी खाल्लं. त्या पाठमोऱ्या होऊन डबे लावत होत्या. ताट विसळून ठेवलं आणि निघाले. येते म्हणाले. त्यांनी "हं" केलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या आवाजाच्या फाइली पुसल्या, उतरवलेली पानं फाडली, लांब कागद फाडायला जड गेला म्हणून चार घड्या घालून फाडला. मॅडमना कळवलं की एकीने सहभाग काढून घेतलाय. त्यांनी विचारलं, कारण? मी लिहिलं, माझी चूक. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एकोणतीस चालतील, म्हणाल्या.

मग संगणकावर तक्ता उघडला. मावशींची ओळ सतरावी होती. ती निवडली आणि काढून टाकली. खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या.